पातेल्यातली जेली

“जेलीत दोन चमचे रम घालायची होती, तू अख्खी बाटली ओतली काऊन?” माझे यजमान भगवंतराव पुन्हा म्हणाले.

“तुमच्या बढतीची पार्टी हाय. पाहुण्यायले देताना हात आखडू काय?”

बुलढाण्यात अशी जेली मीच पहिली करणार, ती ताटलीत उभी राहील, असं मी यांच्या साहेबांच्या बायकोपासून भांडीवालीपर्यंत सगळ्यांना सांगून बसले होते. जेली थिजावी म्हणून पातेलं सकाळपासून रांजणाखालच्या ओल्या, गार वाळूत होतं. आतलं लाल पाणी अजूनही मजेत डुचमळत होतं.

सासूबाईंनी डोकावून पाहिलं. “तुह्यासारखंच हाय, बाई. बोलण्यात घट्ट, कामात पातळ.”

तेवढ्यात दारात साहेबांची जीप थांबली. मी चमचे फडताळात ठेवले आणि घरात सांगितलं, “आज जेली पेल्यातून प्यायची.”