पावेलचं 'आनो'

लढाईच्या आठवणी निघाल्या, की लोकांना रणगाडे आठवतात. आम्हाला आठवतो पावेल! एकाने त्याचं नाव काढलं, की दुसऱ्याला भलताच किस्सा सुचतो आणि चहा गार होतो.

आखाती युद्धाच्या वेळी सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या कॅम्पात मी एसी दुरुस्त करायचो. शेजारी झेक सैनिकांची तुकडी होती. हवेत विषारी गॅस आहे का, हे तपासणं त्यांचं काम. त्यातला पावेल आमच्या मेसमध्ये जेवायला यायचा, कारण आमचा आचारी दापोलीचा इब्राहिमचाचा, हाताला भारी चव!

*

पहिल्याच दिवशी सावंत इलेक्ट्रिशियनने त्याला कॅन्टीनमधली बिनदारूची बिअर दिली. "गुड?"

"आनो!"

"बघा, 'आणा' म्हणतोय! मराठी येतं याला!" सावंतने आणखी एक कॅन आणला. पुन्हा "आनो!", पुन्हा कॅन. शेवटी कळलं, झेकमध्ये 'आनो' म्हणजे 'हो'. बिचारा भिडेखातर पीत होता!

खरं मत त्याने आठवड्याने दिलं. "ग्लास धुतलेलं पाणी. बट गुड ग्लास!"

*

मग जेवणानंतर तो त्याच्या प्लझेन गावच्या बिअरचं वर्णन करायचा. रंग, कडूपणा, वर दोन बोटं फेस. न पिताच आम्ही परीक्षक झालो. "काळीपेक्षा पिवळी भारी!" म्हणून सावंत भांडायचा. जन्मात थेंब घेतला नव्हता!

चाचा हाजी माणूस. "तोबा!" म्हणत आत जायचा आणि दाराआडून विचारायचा, "वर फेस? मग ताकच की रे ते!"

*

पुढे आम्हालाही गॅसचे मास्क वाटले. चाचाचा मास्क बघून पावेल गंभीर झाला. दाढीमुळे तो चेहऱ्याला घट्ट बसेना, फटीतून गॅस आत जाणार. "शेव्ह," तो म्हणाला.

"हजहून आल्यापासून राखलीय. मी गेलो तर गेलो, दाढी नाही जायची!"

बोलला खरा, पण त्या दिवशी कालवणात मीठ दोनदा पडलं. आम्ही पाणी पीत पीत खाल्लं.

*

आणि एका दुपारी, ऐन जेवणात भोंगा वाजला.

सगळे मास्क चढवून भिंतीशी बसलो. चाचाची दाढी मास्कबाहेर आलेली, ती तो पुन्हा पुन्हा आत कोंबत होता. मला रडूच येत होतं. पावेलने त्याच्याकडे पाहिलं, स्वतःचा मास्क काढला आणि त्याला खेटून बसला.

"चाचा, प्लझेन. समर. कोल्ड ग्लास. स्लोली, चाचा, स्लोली..."

भोंगा थांबेपर्यंत तो त्याच्या कानाशी बिअर ओतत राहिला.

धोका टळल्याचा इशारा झाला. चाचाने मास्क काढला, डोळे पुसले, पावेलचा हात धरला.

"व्हेरी गुड, पावेल," तो म्हणाला. "पण मला जरा कडूच लागली!"