वडिलांचा गुण्या

मिस्त्री नाकावर माशी बसू देणाऱ्यातला नव्हता. कानावर पेन्सिल आणि हातात गुण्या असला की हा माणूस दुसऱ्याच्या घराच्या भिंतीलाही 'वाकडी आहेस' म्हणून सुनवायचा. लाकडी दांड्यात लोखंडी पातं बसवलेला तो काटकोनाचा गुण्या वडिलांचा. वडील गेल्यावर धाकट्या भावाला रंध्यांची पेटी मिळाली. गुण्या मात्र थोरलेपणाचा मान म्हणून याने मागूनच घेतला होता.

झालं असं, की सातवीतल्या लेकीला गृहपाठ आला. पंचकोन काढायचा, त्यात दोन काटकोन हवेत आणि दोन बाजू समांतर.

"बाबा, माझा गुण्या हरवलाय."

"हरवू दे तो प्लॅस्टिकचा! घरात खरा गुण्या आहे."

मिस्त्रीने तळाची रेघ मारली, डाव्या टोकाला गुण्या लावून एक बाजू उभी केली, मग गुण्या उलटा करून उजवीकडे दुसरी. वर दोन तिरक्या रेघांचं छप्पर. "बघ, याला म्हणतात काम," असंही वर ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी वही लाल शेरा घेऊन घरी आली. 'काटकोन नाहीत. बाजू समांतर नाहीत, वर आत झुकल्या आहेत.'

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी लेकीला पुढे घालून, वही आणि गुण्या घेऊन तो शाळेत हजर.

"बाई, बत्तीस वर्षं काटकोनच काढतोय मी. चुकला कुठे ते दाखवा."

बाईंनी आवाज चढवला नाही. कागद पुढे केला. "याच गुण्याने एक उभी रेघ मारा. आता गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा."

ही परीक्षा मिस्त्रीला नवी थोडीच होती! धाकट्याला ती त्यानेच शिकवलेली. गुण्या खरा असेल तर रेघेवर रेघ बसते. इथे दोन्ही रेघा एकाच ठिकाणाहून निघाल्या आणि वर जाता जाता फाकल्या. टोकाला मधे आगकाडी मावली असती.

लेकीने कागद पाहिला, बाबांकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "दमट हवेने दांडा..." असं काहीसं मिस्त्री पुटपुटला, पण पुढचं खोटं तोंडातून बाहेर पडेना.

कारण दांड्याला काय झालं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी शिडीवरून गुण्या निसटून दगडी फरशीवर आपटला होता. कोणी पाहिलं नाही ना, एवढं बघून याने तो पुसून ठेवला. तपासला नाही. तपासला असता तर वडिलांची वस्तू आपल्या हातून बिघडली हे कबूल करावं लागलं असतं.

त्यानंतर दोन वर्षांनी एका गिऱ्हाइकाच्या घरी कपाटाचे कप्पे अडकले. कपाटाच्या बाजू याच्या, कप्पे धाकट्याचे. धाकटा हळूच म्हणाला, "दादा, एकदा गुण्या तपास." त्यावर मिस्त्री गिऱ्हाइकासमोर कडाडला, "वडिलांच्या गुण्यावर संशय घेतोस? तुला कप्पे जमत नाहीत ते सांग!" धाकट्याने हत्यारं गोळा केली ती कायमचीच.

आता शाळेतून निघालेला मिस्त्री थेट दोन गल्ल्या पलीकडे धाकट्याच्या कारखान्यात गेला. सहा वर्षांत तो उंबरा याने ओलांडला नव्हता. गुण्या आणि कागद पुढे ठेवून म्हणाला, "चुकलं रे माझं. कप्पे तुझे बरोबर होते. गुण्या मीच पाडला होता."

धाकट्याने रंधा बाजूला ठेवला. "तपासला होता मी, दादा. तुझ्या पाठीमागे."

"मग ती दोन वर्षं कपाटं नीट कशी गेली?"

"सकाळी तू यायच्या आत वरचे कप्पे तासून ठेवायचो. तुझ्या बाजू जेवढ्या आत झुकायच्या, तेवढे."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तूच रंधा हातात घेऊ दिला नाहीस. गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणालास. म्हणून तोंड उघडलं. एकदाच."

मिस्त्रीला मान वर करवेना. धाकट्याने पायाने स्टूल पुढे सरकवलं. "बस, दादा."

"नको," मिस्त्री म्हणाला. "जरा उभाच राहतो."