प्रसूतीच्या टेबलावरचा बाप्तिस्मा

दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा मी देगलूरलाच, सासरी होते. माहेर जळकोटला, पण तिथं जायला मीच नको म्हटलं. पहिलं बाळ तिथं असतानाच पोटात गेलं. त्याला बाप्तिस्म्याचं पाणी मिळालं नाही, हे मला त्याच्या जाण्याइतकंच लागलं होतं. आम्हा कॅथलिकांत वेळ तशी आली तर फादरची वाट बघत नाहीत. कुणीही, अगदी दुसऱ्या धर्माचं माणूसही, पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं. मात्र बाळ जिवंत हवं.

त्या दिवशी सकाळपासून पोटातली हालचाल मंदावली. गूळ खाल्ला, कुशीवर निजले, तरी काही नाही. दुपारी पाणी गेलं. हिरवट होतं. गावातल्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाल्या, "नांदेडला न्या. आत्ताच."

गाडीत सासूबाईंनी जपमाळ काढली. "नमो मरिये" ही मरियामातेची प्रार्थना सुरू झाली. रस्ता खोदून ठेवलेला, प्रत्येक धक्क्याला मी पोट धरायची. तिच्यातली 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' ही ओळ आली की सासूबाई आवाज बारीक करायच्या.

"आई," मी म्हणाले, "बाळ रडलं नाही तर तुम्ही आत या. पाणी द्या त्याला."

"असं वंगाळ बोलू न्हाई. तू निसती प्रार्थना कर."

"पण आई..."

"मी न्हाई देणार. मराया टेकल्याला देतात तसं घाईनं." त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

दवाखान्यात त्यांना आत सोडलंच नाही. माझ्याजवळ डोक्याला रुमाल बांधलेली एक नर्स होती, मुसलमान घरातली. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनला वेळ नाही, बाळ खाली आलंय. जोर लावा." प्रार्थनेचे शब्द जुळेनात. तोंडातून नुसतं "मरिये, मरिये" निघत होतं.

बाळ आलं. आवाज नाही.

डॉक्टरांची पाठ तेवढी दिसत होती. "अजून एकदा," असं ते कुणाला तरी सांगत होते. बऱ्याच वेळानं मांजराच्या पिलासारखं काहीतरी कण्हलं. "मुलगी आहे. पेटीत ठेवायचं, चला."

"थांबा! पाणी द्या," मी ओरडले.

"आत्ता प्यायचं न्हाई, ताई," नर्स म्हणाली.

"प्यायला नको. तिच्या डोक्यावर ओतायचंय. तुम्ही ओता, मी शब्द सांगते."

ती घुटमळली. "ताई, ते मी कसं म्हणू? तुमचं तुम्ही म्हणा. पाणी मी आणते."

"लवकर," डॉक्टर म्हणाले.

तिनं वाटीत कोमट पाणी आणलं, जांभळट पडलेलं ते पोर माझ्या हाताशी धरलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी पाणी ओतलं. तिचं नाव काही घेता आलं नाही. भीतीपोटी आम्ही ठरवलंच नव्हतं. नर्सनं लगेच डोकं पुसलं आणि पोरीला घेऊन ती पळतच बाहेर गेली.

नंतर सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजी तू आशाच सोडली व्हती?"

"नाही," मी म्हणाले. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही.

पोर काचेच्या पेटीतून वाचून घरी आली. फादर म्हणाले, बाप्तिस्मा एकदाच होतो, परत पाणी ओतायचं नाही. त्यांनी तेल लावलं, मेणबत्ती पेटवली, नाव ठेवलं. सासूबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मुलगी आता शाळेत जाते. डाव्या कानानं ऐकू येत नाही, ताप चढला की झटके येतात. वयाबरोबर थांबतील, असं डॉक्टर म्हणतात. गेल्या आठवड्यात शाळेतल्या बाईंचा फोन आला, "अंग तापलंय, घेऊन जा." मी चप्पल न घालताच निघाले.