कॅसेटच्या कव्हरवर राहून गेलेलं नाव

आज दुपारी दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरी एक मुलगी आली. हातात माझ्या भजनांची जुनी कॅसेट. "अंकल, ये बाँसुरीवाले गोविंदजी कहाँ मिलेंगे?"

मला हसू आलं. गोविंद असा कोणी नव्हताच. पेटी, तबला, सतार, बासरी, सगळं मीच एकावर एक रेकॉर्ड करायचो. पण सगळीकडे एकच नाव दिसलं तर लोकांना कॅसेट स्वस्तातली वाटेल, म्हणून कव्हरवर चार वादकांची खोटी नावं छापायचो. ती नावं माझी बायको सुधा सुचवायची आणि आम्ही दोघं हसत बसायचो.

मुलीने मोबाइलवर त्यातलंच एक भजन लावलं. "और ये मंजीरा? इनका नाम तो लिखा ही नहीं।"

टाळ सुधाचे. माझी लय पळते, म्हणून सगळ्यात आधी तिचे टाळ रेकॉर्ड व्हायचे आणि त्यावर मी बाकीचं वाजवायचो. नसलेल्या चौघांची नावं छापली, हे एक खरं नाव राहून गेलं. तीही कधी काही बोलली नाही. आता ती नाही.

तुमच्यापैकी कोणाकडे आमची कॅसेट असेल, तर कव्हरवर पेनाने एवढं लिहाल का? टाळ: सुधा.