डबीवरचा नारळ

बोंडअळीनं ओळीनं दोन वर्षं कपाशी खाल्ली आणि आमच्या घरातून जगदंबेचं नाव गेलं. म्हणजे मी घेत होते, पण तोंडातल्या तोंडात. ह्यांनी देवीचा फोटो भिंतीवरून काढून कोठीमागं ठेवला. "ती तिच्या घरी, आपण आपल्या घरी," एवढंच म्हणाले. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. पुढं शेत दुसऱ्याला बटईनं कसायला देऊन ह्यांनी जुना छोटा ट्रक घेतला आणि मला बजावलं, "माह्या गाडीत लिंबू, मिरची, नारळ, काही लटकवायचं नाही."

माझं माहेर केळापूरकडचं. जगदंबेच्या पायरीवर खेळून वाढलेली मी, थोडीच ऐकणार! दसऱ्याच्या सकाळी हे आंघोळीला गेले, तशी मी माहेरून आणलेला देवीचा नारळ लाल कापडात बांधला आणि ट्रकच्या मागं, स्टेपनीच्या वर हात घातला. तिथं लोखंडाला एक चपटी काळी डबी बसवलेली होती, पाटासारखी सपाट. मला वाटलं, गाडी बनवणाऱ्यानं ही जागा देवीसाठीच ठेवली असावी. नारळ तिच्यावर घट्ट बांधून टाकला. मग दर शुक्रवारी, हे चहा पीत बसले की मी मागून जाऊन हळदकुंकवाचं तांब्याभर पाणी त्याच्यावर घालायची. वर्षभरात एकही शुक्रवार चुकवला नाही.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या शीतलचं नाव नर्सिंगच्या यादीत लागलं. आमच्या घरात बारावीच्या पुढं जाणारी ती पहिली. यवतमाळला दुपारी बाराच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. आम्ही तिघं ट्रकनं निघालो. पोरगी फाईल पोटाशी धरून मध्ये बसली होती. बोरी अरब मागं पडलं आणि गाडीनं दोन आचके दिले, ती बंदच पडली.

हे खाली उतरले. "डिझेलमधी पाणी आलं वाटते," म्हणून फिल्टर उघडला, पुसला, लावला. स्टार्टर फिरायचा, इंजिन काही धरेना. एसटी आधीच गेली होती. काळी-पिवळी जीप आली, तिच्या दारात लटकायलाही जागा नव्हती. दोन मोटारी हात दाखवूनही थांबल्या नाहीत. पावणेअकरा झाले. शीतल रडत नव्हती, नुसती घड्याळाकडं पाहत होती, आणि तेच मला सहन होईना. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून मनात म्हटलं, माय, वर्षभर तुला पाणी घातलं, आणि आज तू पाठ फिरवलीस? मग मात्र माझं बळ सरलं. म्हटलं, आता मला काही सुचत नाही, तुझं तू बघ.

तेवढ्यात सायकलवरून एक म्हातारे चाचा आले. पांढरी दाढी, गालात सुपारी, हँडलला अवजारांची मेणकापडाची पिशवी. थांबा म्हणायच्या आधीच थांबले. "किल्ली फिरवा, भाऊ," म्हणाले आणि टाकीला कान लावला. "पंप बोलून नाही राह्यला." वायरीनं पंपाला सरळ करंट दिला, तर पंप गुणगुणायला लागला! "पंप चांगला हाये. त्याले करंट देणारं मॉड्यूल गेलं. मांगं डब्बी असते, पाहू द्या."

मागं डबी! माझा नारळ तिच्यावरच तर होता. चाचा गाडीखाली शिरले. खालून आवाज आला, "भाऊ, तुम्ही वरती जाऊन बसा. मी सांगतो तवा किल्ली फिरवा."

हे केबिनमध्ये चढले, तसा गाडीखालून एक हात माझ्याकडं आला. हातात नारळ होता, त्याचं कापड कुजून काळं पडलेलं. चाचा हळूच म्हणाले, "बाई, तुमचा का?"

मी मान हलवली. "दर शुक्रवारी पाणीही घालत होते, चाचा. मीच."

"तरीच! डब्बीच्या पिना पार सडल्या." ते हसले. "रडू नका. पन ज्याले आपन मानतो, त्याले असं गाडीखाली लपवून ठेवतेत काय? मांडीवर घेऊन बसा."

आणि पिशवीतून त्यांनी तशीच डबी काढली! मोडीत निघालेल्या गाडीची. सकाळी ते ती एका गिऱ्हाइकाकडं घेऊन गेले होते. "त्याचा तर नुसता फ्यूज गेलता. म्हटलं, वापस नेतो." जुनी डबी काढली, वायरी घासून साफ केल्या, ही बसवली. "मारा भाऊ!"

इंजिन भर्रकन सुरू झालं आणि हे केबिनमधून जोरात ओरडले, "जगदंबेऽऽ!" दोन वर्षांनी! ओरडले आणि स्वतःच दचकले. शीतल टाळ्या पिटायला लागली. मी हसत होते की रडत होते, देवीलाच ठाऊक.

बाराला दहा कमी असताना आम्ही पोहोचलो. शीतल धावत आत गेली. बाहेर झाडाखाली बसून मी पदराखालचा नारळ काढला आणि ह्यांना सगळं सांगून टाकलं, शुक्रवारांसकट. हे माझ्याकडं वळले. "म्हंजे, माह्या गाडीले तू सालभर आंघोळ घालून राह्यली होती?" मग असे हसले की शिपाई पाहायला बाहेर आला. हसणं थांबल्यावर त्यांनी नारळ माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. पोरगी पावती नाचवत बाहेर आली, तेव्हाही तो तिथंच होता.

देवीनं कुठं बसायचं, कोणत्या वारी पाणी घ्यायचं, कशाची राखण करायची, सगळं मीच ठरवून मोकळी झाले होते. जेव्हा म्हटलं, तुझं तू बघ, तेव्हा ती आली, सायकलवरून, तिच्या मर्जीनं. मी त्या चाचांच्या रूपानं तिलाच पाहिलं. त्यांनी ऐकलं तर कानाला हात लावतील, म्हणून त्यांना हे कधी सांगितलं नाही.

फोटो पुन्हा भिंतीवर आहे, ह्यांनीच खिळा ठोकला. शीतल आता दवाखान्यात नोकरीला आहे. दर दसऱ्याला आम्ही बोरी अरबला चाचांकडं सोनं द्यायला जातो. ते आपट्याची पानं डोळ्यांना लावतात, आणि चहा सांगायच्या आधी मुकाट्यानं ट्रकच्या मागं जाऊन डबीवर हात फिरवून येतात.