सुग्रीव मिस्त्रीचे साडेतीन तास

मांजरसुंब्याच्या चौकात गॅरेजं पाच. त्यातल्या चार ठिकाणी विचारा, सर्व्हिसिंगला किती वेळ लागेल, तर उत्तर एकच मिळेल, "चहा पिऊन या, झालीच समजा." पाचवा सुग्रीव मिस्त्री. तो बोनेट उघडायच्या आधीच सांगतो, "साडेतीन तास. घाई असंल तर आज नका टाकू." गिऱ्हाईक तोंड वाकडं करून पुढं जातं आणि हा खुशाल हात पुसत बसतो.

मी नांदूरघाटच्या हायस्कुलात दहावीला गणित शिकवतो. गाडी घेतल्यापासून त्याच्याकडंच येतो. माझा स्वभाव उतावळा. साडेतीन तास बाकड्यावर बसायचं म्हणजे मला शिक्षाच. पण त्यामुळं त्याचं काम पाठ झालंय. इंजिन गरम आहे तोवर खालचा नट काढून जुनं ऑइल सोडायचं आणि शेवटच्या थेंबापर्यंत गळू द्यायचं. त्यालाच अर्धा तास. मग ऑइलचा फिल्टर नवा, हवेचा फिल्टर साफ. चारही चाकं काढून ब्रेक उघडायचे, धूळ काढायची, किती झिजलेत ते बघायचं. कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी. मग गाडी धुवायची आणि शेवटी नेकनूर रस्त्याला एक चक्कर. काही खराब निघालं तर मालकाला दाखवल्याशिवाय बदलणार नाही. तो वेळ आणखी वेगळा.

पूर्वी हा असा नव्हता. पाच मिनिटं म्हणून दीड तास ताटकळत ठेवणाऱ्यांत तोही होता. गेल्या पावसाळ्यात मी त्याला डिवचलं, "सुग्रीवा, गिऱ्हाईक पळवून लावायची हौस काहून रे तुला? सांगावं थोडं कमी."

त्यानं पाना खाली ठेवला.

"सर, तुमाला याद न्हाई. तवा तुमचीच गाडी व्हती."

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी झाली होती, ऊसतोडीचे ट्रक खाली, साखर कारखान्यांकडं, चालले होते. सुग्रीवचे आईवडील दरसाल जायचे. त्या वर्षी बाप धाकट्या मंगललाही नेणार होता. मंगल दहावीला. आईची, कौशल्याबाईची, इच्छा की पोरीला सुग्रीवकडं ठेवावं. पण नवऱ्यापुढं तिचं चालत नव्हतं. बाप ऐकायचा तो कमावत्या थोरल्या पोराचं. ट्रक चौकात चहाला थांबेल, तेवढ्यात सुग्रीवनं ढाब्यावर यावं आणि बापाला एवढंच म्हणावं, मंगल माझ्याकडं राहील. मायलेकाचं तसं ठरलंही होतं.

ट्रक आला तेव्हा सुग्रीव माझ्या गाडीखाली होता. कौशल्याबाई बोलवायला आली. तो म्हणाला, "आलोच माय, पाच मिन्टं." थोड्या वेळानं ती परत आली. "आलोच."

"आन सर, तवा ऑइल गळत व्हतं," सुग्रीव म्हणाला. "अर्धा तास मला काईच काम नव्हतं. मी उठलो बी व्हतो. तुमी म्हनले, नुसता काय फिरतोस, तवर ब्रेक उघड. मी बसलो खाली."

मला आठवलं. एका पुढाऱ्याचा बीडला सत्कार होता आणि मला पुढच्या रांगेत बसायचं होतं. दाराशी एक बाई पदर धरून उभी होती, तेही आठवलं. "अहो बाई, त्याला काम करू द्या," असं मी तिला म्हणालो होतो. दहावीला शिकवणारा मी! आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सुग्रीव ढाब्यावर पोचला तेव्हा ट्रक गेला होता.

"मायनं दप्तर बांधून आनलं व्हतं, हितं उतरवायला. ते तसंच गेलं."

"फोन करायचास ना," मी म्हणालो.

"केला की. बाप म्हनला, आता मुकादमाला ट्रक थांबवा म्हनून कसं सांगू? चौकातनं निघायच्या आधी बोलायचं व्हतं."

मार्चात परीक्षा झाली तेव्हा मंगल उसाच्या फडात मोळ्या बांधत होती. उन्हाळ्यात तिथल्याच एका टोळीतल्या पोराशी तिचं लग्न ठरलं. तेव्हापासून नवराबायको मिळून ऊस तोडतात.

मी माफी मागितली. "तुमी कशाला, सर. जीभ माझी व्हती," एवढंच तो म्हणाला. त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यंदा मंगलचा ट्रक सोमवारी येणार, हे त्यानं मला सांगितलं. त्या दिवशी गॅरेज बंद होतं. मीही रजा टाकून ढाब्यावर गेलो. जाऊन काय करणार होतो, मलाच ठाऊक नव्हतं.

मंगल खाली उतरली. मागं तिची आठ वर्षांची मुलगी, कडेवर वर्षाचा भाऊ घेऊन. सुग्रीवनं चहासुद्धा सांगितला नाही.

"मंगल, हिला माझ्यापाशी ठिव. मनिषा वैनी हाय, शाळा जवळच हाय. मी दाजीला बोलतो."

दाजी म्हणजे मंगलचा नवरा, हनुमान. तो शेजारीच उभा होता. "माझं काई न्हाई," तो म्हणाला. "हिला इचारा."

मंगलनं सुग्रीवकडं बघितलं. आवाजात राग नव्हता, तेच ऐकवेना.

"आता कसं ठिवू, दादा? मी फडात गेल्यावर बारक्याला कोन बघंल?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पोरगी वर चढून भावाला मांडीवर घेऊन बसली. ट्रक हलला तशी तिनं आधी त्याची टोपी कानांवर ओढली आणि मग मामाला हात केला.