पोतंवाला

आमचे कोंडूमामा पाठीवर पोतं टाकून किन्हवलीकडच्या पाड्यांवर सुकी मासळी विकतात. गावांच्या ग्रुपवर पूर्वी बाया लिहायच्या, "मामा, आमचे बोंबील ठेवा हां." मग तिथं पोरं पळवणाऱ्यांचे मेसेज यायला लागले. गेल्या आठवड्यात मामांनीच सगळीकडे पाठवलं, "अनोळखी पोतंवाला दिसला तर आधी धरा, मग विचारा."

मी चिडले, "खात्री तरी केलीत का?"

"पोरांची काळजी नको गो?"

आज ते पहिल्यांदाच मुरबाडकडच्या एका पाड्यावर गेले. थोड्या वेळानं दबक्या आवाजात फोन आला. ग्रुपवर आत्ताच फोटो पडला होता. त्यांची पाठ, त्यांचं पोतं आणि खाली त्यांचीच ओळ.

"मागं माणसं जमलीत गो," मामा म्हणाले. "पळू का थांबू?"